फोनचा 'स्कोअर' व्हायरल होतो, पण तो खरा आहे का?

नवा फोन बाजारात यायच्या आधीच 'गीकबेंचवर दिसला' असे स्क्रीनशॉट फिरायला लागतात. मग कोणता फोन भारी यावर टेक ग्रुपमध्ये वाद रंगतात. ऑनलाईन विक्रीच्या पानांवरही 'अँटुटू स्कोअर' ठळक अक्षरांत झळकतो. हा आकडा बघून लोक वीस-तीस हजार रुपये मोजतात. पण तो येतो कुठून?

स्कोअर ठरतो कसा?

कॅनडातल्या प्रायमेट लॅब्स कंपनीचं गीकबेंच घ्या. हे ॲप तुमच्या मशीनला ठरावीक कामं देतं, उदाहरणार्थ फाइल लहान करणं किंवा फोटोवर प्रक्रिया करणं, आणि ती किती वेगात झाली ते मोजतं. २०२३ मध्ये आलेल्या गीकबेंच ६ मध्ये इंटेलच्या कोअर आय७-१२७०० प्रोसेसरचा एक कॉम्प्युटर आधार मानून त्याला २५०० गुण दिलेत. तुमच्या लॅपटॉपला १२५० मिळाले, तर तो त्याच्या निम्म्या वेगाचा.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरी अडचण सुरू होते ती स्कोअर शेअर झाल्यावर.

गीकबेंचच्या फुकट आवृत्तीत निकाल आपोआप सार्वजनिक साइटवर जातो. अजून लाँच न झालेल्या फोनचे आकडे 'लीक' होतात ते असेच. पण मॉडेलचं नाव ॲपला फोनच सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केला, तर तिथं कोणतंही नाव टाकता येतं. त्यामुळे नुसता स्क्रीनशॉट हा पुरावा धरता येत नाही.

परीक्षा आली की अभ्यास

२०१३ मध्ये 'ॲनंडटेक' या साइटनं सॅमसंग गॅलेक्सी एस४ तपासला. काही बेंचमार्क ॲप उघडली की या फोनची ग्राफिक्स चिप इतर वेळेपेक्षा जास्त वेगानं चालत होती. साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर ऑफिस चकाचक व्हावं, तसाच प्रकार!

२०१८ मध्ये थ्रीडीमार्क बनवणाऱ्या यूएल कंपनीनं वेगळी शक्कल लढवली. फोनला ओळखता येणार नाही अशी, बाहेर कुणालाच न दिलेली आवृत्ती त्यांनी वापरली. हुवावेच्या काही फोनचे सार्वजनिक ॲपमधले स्कोअर त्यापेक्षा ४७ टक्क्यांपर्यंत जास्त निघाले. ते फोन यादीतून बाहेर गेले.

पुढे उलटा प्रकार समोर आला. २०२१ मध्ये वनप्लस ९ आणि २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस१० ते एस२२ या मालिका गीकबेंचनं यादीतून काढल्या. हे फोन क्रोमसारख्या रोजच्या ॲपचा किंवा गेमचा वेग कमी करत होते, बेंचमार्कचा मात्र नाही. बॅटरी आणि उष्णता सांभाळण्यासाठी हे करतो, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. कारण पटण्यासारखं आहे. पण मग बेंचमार्कलाच सूट का, याचं उत्तर त्यात नाही.

ॲपवाल्यांचं काय?

घोळ फक्त फोन कंपन्याच घालतात असंही नाही. कॉम्प्युटरचे भाग तुलना करून दाखवणाऱ्या 'यूजरबेंचमार्क'नं २०१९ मध्ये स्कोअरचं सूत्र बदललं. अनेक कोअर एकत्र वापरणाऱ्या कामांचं वजन १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. जास्त कोअर ही तेव्हा एएमडीच्या प्रोसेसरची जमेची बाजू होती, त्यामुळे साइटवर इंटेलला झुकतं माप दिल्याची जोरदार टीका झाली. प्रोसेसर तेच राहिले, रँकिंग मात्र बदललं.

म्हणजे असं ॲप बनवणाऱ्यापुढे पेच आहे. चाचणी सगळ्यांना खुली ठेवली तर कंपन्या ती ओळखून फसवतात. गुप्त ठेवली तर लोकांना स्वतः पडताळता येत नाही आणि ॲपवाल्यावरच विश्वास टाकावा लागतो.

ग्राहकाला त्यातल्या त्यात उपयोगी पडते ती स्ट्रेस टेस्ट. थ्रीडीमार्कच्या 'वाइल्ड लाइफ' स्ट्रेस टेस्टमध्ये एकच चाचणी सलग २० मिनिटं चालते आणि पहिल्या मिनिटाचा वेग शेवटपर्यंत टिकला का ते दिसतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात फोनवर गेम खेळणाऱ्यांनी तर आधी हाच आकडा बघावा.