पाणी तपासणारा नातू

एम.एस्सी. झाल्यावर मला औष्णिक वीजकेंद्रात केमिस्टची नोकरी लागली, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पेढ्यांबरोबर लीलो चेवडोही वाटला गेला. आजीनं विचारलं, "तिथे करतोस काय रे?" म्हटलं, "पाणी तपासतो." ती म्हणाली, "एवढं शिकून पाणीच तपासायचं?"

मंडळी, वीजकेंद्र म्हटलं की सगळ्यांना कोळसा दिसतो, पाणी दिसत नाही. 210 मेगावॉटच्या संचात सुमारे 540 अंश तापलेली वाफ टर्बाइन फिरवते. नदीचं पाणी तसंच बॉयलरमध्ये घातलं तर गीझरमध्ये जमतात तसे क्षार नळ्यांत जमतील आणि नळ्या फुटतील. सिलिका तर वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते. म्हणून रेझिनच्या टाक्यांतून पाणी नेऊन क्षार काढतात. सिलिका एक अब्ज भागांत 20 भागांच्या आत ठेवायची. नळ्या गंजू नयेत म्हणून अमोनिया घालून सामू 9 च्या आसपास राखायचा. शाळेत पाठ केलेला सामू इथे रोज भेटतो.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातली रात्रपाळी. दोनच्या सुमारास कंडेन्सरच्या पाण्यात सोडियम वाढलेलं दिसलं. बाटली धुऊन पुन्हा नमुना घेतला. आकडा आणखी वर! कंडेन्सरमध्ये निर्वात असतो. तिथे नळीला भोक पडलं की आतलं पाणी बाहेर येत नाही, थंड करणारं कच्चं पाणीच आत ओढलं जातं.

पाळीप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "उन्हाळ्याची मागणी आहे, भार कमी करता येणार नाही. सकाळी बघू. तोवर वहीत मागचाच आकडा लिही."

पेन हातात धरून बसलो. नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरी बहिणीचं लग्न ठरलेलं. शेवटी खरा आकडा वेळेसकट लिहिला आणि पुन्हा फोन केला, "साहेब, लिहिलाय."

पलीकडे शांतता. दहा मिनिटांनी ते स्वतः प्रयोगशाळेत आले, मीटर पाहिला आणि एक शब्द न बोलता परत गेले. मग भार निम्म्यावर आणला, कंडेन्सरची एक बाजू बंद करून उघडली. दोन नळ्या गळत होत्या. दोन्हींच्या दोन्ही टोकांना बुचं मारली. दुपारपर्यंत संच पुन्हा पूर्ण भारावर.

त्या रात्रीबद्दल साहेब कधीच बोलले नाहीत. पण पुढे माझा फोन गेला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "वहीत काय लिहिलंस?"

रसायनशास्त्र घेतलेली आपल्या मंडळातली मुलं विचारतात, की या नोकरीत कठीण काय? पाणी तपासणं महिन्याभरात येतं. रात्री दोन वाजता दिसलेला आकडा तसाच लिहायला मात्र छाती लागते. आजी असती तर तिलाही हेच सांगितलं असतं.