उत्सव आपला, दायित्वही आपलेच

मकरसंक्रांतीला नागपूरच्या प्रतापनगरातील गच्च्या ‘ओ काट’च्या आरोळ्यांनी दुमदुमून जातात. एका चक्रीभोवती घरातील तीन पिढ्या जमतात. हे दृश्य लोभस खरेच; परंतु तिळगूळ वाटून झाल्यावरही कडुनिंबाच्या शेंड्याला लोंबकळत राहणाऱ्या नायलॉन मांजाचे काय? सुती दोरा ऊन-पावसात कुजतो, नायलॉन वर्षानुवर्षे टिकतो. सायंकाळी थव्याने परतणारे बगळे आणि अंधारात शिकारीस निघणारी घुबडे त्यात अडकतात. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला आपण मान दिला, त्याचाच पंख पुण्यपर्वावर चिरला जातो. दुचाकीस्वारांचे गळेही या दोऱ्याने सोडलेले नाहीत.

राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. तेव्हा ‘हिंदूंच्याच सणांवर बोट का?’ असा प्रश्न काहींनी केला. पण बंदी पतंगावर नाही, घातक धाग्यावर आहे. हा धागा परंपरेने दिलेला नाही, बाजाराने दिला आहे. बंदीनंतरही तो विकला जातो, कारण तो मागितला जातो. दोष केवळ विक्रेत्याच्या माथी मारून गृहस्थाची सुटका होत नाही.

सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे उपचार केंद्र २०१५ पासून जखमी वन्यजीवांची शुश्रूषा करीत आहे. तथापि, उपचार हा अखेरचा उपाय. अधिवास निर्धोक राखणे हा पहिला. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी भुयारी मार्ग ठेवले गेले. त्यांखालून वाघही ये-जा करतात, हे संशोधकांच्या कॅमेऱ्यांनी सिद्ध केले. योजकता असेल तर विकास आणि वन परस्परांचे वैरी ठरत नाहीत. मारुती चितमपल्ली यांनी वनविभागात आयुष्य वेचून, वनवासींकडून शिकत पक्षिकोश सिद्ध केला. निसर्गाविषयीची श्रद्धा अभ्यासाने अशी डोळस होते.

चराचरात ईश्वर पाहतो असे सांगणाऱ्या समाजाची परीक्षा व्याख्यानात होत नाही, गच्चीवर होते. चक्रीत सुती दोरा भरणे, पर्वानंतर झाडांवरील गुंता उतरवणे, जखमी पक्षी दिसताच वनविभागाला कळवणे, ही कामे वस्तीतील तरुणांना सहज साधणारी आहेत. न्यायालयाने दटावण्याआधी समाजाने स्वतःहून सुधारावे, यातच उत्सवाची आणि धर्माची शोभा आहे.