'दुर्गम' या विशेषणाविषयी

भाषेचे अध्यापन करणाऱ्यांनी काही शब्दांकडे संशयाने पाहिले पाहिजे. 'दुर्गम' हा असाच एक शब्द. शासकीय अहवालांत, वर्तमानपत्रांत आणि आदिवासी साहित्यावरील आपल्या चर्चासत्रांतही सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांना तो कायमचा चिकटला आहे. जेथे जाणे कठीण, ते दुर्गम. या अर्थात सारा दोष डोंगराकडे जातो. रस्ता न करणारा मात्र वाक्यातून अलगद निसटतो.

डोंगर खरोखरच इतका दोषी आहे काय? बोरघाट रेल्वेने १८६३ मध्येच ओलांडला. त्याच घाटातून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला, तो इगतपुरीजवळ सह्याद्रीच्या पोटातून सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा काढून. ज्या डोंगरापलीकडे मुंबईला जायचे असते, तो डोंगर अभियंत्यांसाठी 'आव्हान' ठरतो. ज्याच्या आत केवळ माणसे राहतात, तो 'दुर्गम'.

यावर वाहतुकीच्या प्रमाणात खर्च होतो, असा युक्तिवाद केला जाईल. व्यापारी महामार्गापुरता तो मान्य करू. पण प्रसूतीसाठी बांबूच्या झोळीतून न्याव्या लागणाऱ्या बाईचा हक्क वाहनांच्या संख्येवरून ठरवायचा काय? सरदार सरोवराच्या बुडितक्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे आली, ती याच दोन तालुक्यांतली. धरणाचे पाणी तेथवर पोहोचण्यास डोंगराची अडचण झाली नाही!

सरासरीचे गणितही या विशेषणाच्या मदतीला येते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष मांडला, तो जिल्हा हे एकक धरून. तेव्हा हे तालुके धुळे जिल्ह्याच्या सरासरीत विरघळलेले होते. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ मध्ये. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हाही सातपुड्याला पुण्याच्याच पंक्तीला, 'उर्वरित महाराष्ट्रा'त बसवण्यात आले. त्या मंडळांची मुदतही २०२० मध्ये संपली. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या अनुशेषावर निदान वाद तरी झाले. प्रगत म्हणवणाऱ्या प्रदेशाच्या पोटातले दारिद्र्य मात्र वादाचा विषयही होऊ शकले नाही.

रस्ते बांधणे हे साहित्याच्या अध्यापकांचे काम नव्हे, हे खरे. परंतु विशेषणे तपासणे हे निश्चितच आपले काम आहे. यापुढे विद्यार्थ्याच्या प्रबंधात 'दुर्गम' हा शब्द आला, की समासात दोन प्रश्न लिहावेत : कोणासाठी? आणि कोणामुळे?