रोहतकचे सर छोटूराम

पंजाबांतील पुढारी म्हटले कीं आमच्या वाचकांस लाला लजपतराय आठवतात. सर छोटूराम हें नांव क्वचितच कोणाच्या ओठीं येतें. रोहतक जिल्ह्यांतील गढी सांपला येथें १८८१ सालीं एका सामान्य जाट शेतकऱ्याच्या घरीं यांचा जन्म झाला. मुलाच्या शिक्षणाकरितां कर्ज मागावयास वडील सावकाराकडे गेले असतां त्यानें त्यांस मुलादेखत पंखा ओढावयास लावलें, अशी आख्यायिका आहे.

१९०५ सालीं पदवी, पुढें आग्र्यास वकिलीची परीक्षा, नंतर रोहतक जिल्हा काँग्रेसचें अध्यक्षपद. पण असहकार न पटल्यामुळें १९२० सालीं ते बाहेर पडले. १९२३ मध्यें फझले हुसेन यांच्यासह त्यांनीं युनियनिस्ट पक्ष स्थापिला. हिंदु, मुसलमान व शीख शेतकऱ्यांचें हित एकच, हें त्या पक्षाचें सूत्र.

त्यांचें खरें कार्य १९३८ च्या गहाण जमिनींच्या कायद्यांत दिसतें. ८ जून १९०१ पूर्वीं गहाण पडलेल्या जमिनीचा उपभोग सावकारानें मुद्दलाच्या दुपटीइतका घेतला असेल, तर ती मूळ मालकास विनामोबदला परत मिळे. विरोधकांनीं यांस ‘काळे कायदे’ म्हटलें. वास्तविक दामदुप्पटीची मर्यादा मनूनेंच घालून दिलेली आहे! आमच्या आजोबांची थोडीफार सावकारी होती. त्या गहाणखतांचें गाठोडें मीं लहानपणीं माळ्यावर पाहिलेलें आहे, म्हणून हा विषय मला परका वाटत नाहीं. आपल्याकडे १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं असले कागद जाळले. पंजाबांत तेंच काम विधिमंडळानें केलें.

परंतु एक उणीव सांगितलीच पाहिजे. ‘शेतकरी’ कोण, हें तेथें १९०० च्या जमीन हस्तांतर कायद्यान्वयें जातीवरून ठरे. जन्मभर दुसऱ्याचें शेत कसणाऱ्या अस्पृश्याचें नांव त्या यादींत नव्हतें. त्यास जमीन विकत घेणेंही दुरापास्त होतें. शिवाय पक्षांत मोठमोठे जमीनदार होतेच. स्वतः पंख्याची दोरी ओढणाऱ्याचा पुत्र असूनही छोटूरामांची दृष्टि या शेवटच्या माणसापर्यंत पुरेशी पोंचली नाहीं, असें मला वाटतें.

अखेरच्या काळांत भाक्रा धरणाच्या योजनेसाठीं ते झटत होते. ९ जानेवारी १९४५ रोजीं लाहोरास त्यांचें निधन झालें. १९४६ च्या निवडणुकींत युनियनिस्ट पक्षाची वाताहत झाली, आणि पुढच्याच वर्षीं पंजाब दुभंगला.