मडी, परीटघडी आणि थ्री-फेज

गेल्या वर्षी पाडव्याच्या सुमारास मळमड्डीहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "संध्याकाळी येऊन जा. पोरगं ह्यांच्या फंडाच्या पैशांना हात घालायला निघालंय." भावजींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भाचा पुण्याची नोकरी सोडून परत आलेला आणि त्याला घराच्या मागच्या पडवीत लाँड्री काढायची होती. सप्तापूरच्या कोचिंग क्लासेसमुळे मुलामुलींची वसतिगृहं आणि पीजी वाढलेत, 2016 साली आयआयटीही आली. एवढ्या चादरी धुतो कोण, हा त्याचा सवाल.

बहिणीची चिंता नुसती पैशांची नव्हती. "चार माणसांत सांगू काय? मुलगा परीटकाम करतो म्हणून?"

वाचकहो, आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत 'सोवळं' आणि 'मडी' एकाच दांडीवर वाळत असतात. मडी म्हणजे धुतलेलं, शुद्ध; ते करून देणारा तो मडिवाळ. पण त्यानं आणलेलं कापड आमची आजी पाण्याचा हबका मारल्याशिवाय आत घेत नसे. ज्याच्या नावातच मडी, त्याच्या हातची मडी चालत नव्हती! लग्नाला जाताना मात्र परीटघडीचंच धोतर हवं. देवर हिप्परगीच्या मडिवाळ माचिदेवांचं, बसवण्णांच्या काळातल्या त्या शरणांचं नाव आपण आदरानं घेतो. 1876 साली शेंडगावात परीट घरात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या तसबिरीला हार घालतो. मग भाच्यानं तेच काम केलं तर बिघडलं कुठं? मी हे बोलले, तशी बहीण चहा टाकायला उठली. म्हणजे निम्मी तयार झाली.

अर्थशास्त्र शिकवत असल्यानं मी वही काढली. 60 मुलांचं एक वसतिगृह धरलं, तर दोन चादरी आणि उशीचा अभ्रा मिळून माणशी साधारण किलोभर, म्हणजे आठवड्याला 60 किलो. 15 किलोच्या मशीनवर चार घाणे. (मशीनची मापं कोरड्या कपड्यांच्या वजनावर असतात, हे मला तेव्हाच कळलं.) अशी चार वसतिगृहं मिळाली तर आठवड्याला सोळा घाणे, आणि त्याचा हप्ता निघत होता. कागदावर सगळं सुरेख.

चूक झाली ती क्रमात. आधी मशीन आलं, मग पडवीचा विचार झाला. विक्रेत्यानं ना फरशी बघितली ना मोरी. पैसे घेतले आणि मोकळा झाला. पहिल्याच दिवशी मशीन पिळायला लागलं आणि जुनी शहाबादी फरशी तडकली. पाणी सोडलं तेव्हा आणखी मजा. घरची मोरी बादलीच्या हिशेबानं बांधलेली, आणि हे यंत्र पन्नास-साठ लिटर एका दमात ओतणार! गुडघ्यापर्यंत परकर खोचून बहीण केरसुणीनं पाणी ढकलत होती आणि शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत होत्या, "इष्टु नीर एल्लिंद बंतरी?"

शेवटी फरशी उखडून काँक्रीटचा चौथरा घातला, रुंद चर काढून वर जाळी टाकली. थ्री-फेज जोडणी घेतली. मळके कपडे एका दारानं आत, धुतलेले दुसऱ्या दारानं बाहेर, अशी वाट आखली. त्यासाठी बहिणीची तुळशीजवळची कपडे वाळवायची जागा गेली.

पुढचा प्रश्न पाण्याचा. मलप्रभेचं पाणी नळाला येईल तेव्हा खरं, बाकी भिस्त बोअरवर. बोअरचं पाणी जड. साबणाचा फेस होईना आणि दोन महिन्यांत चादरी राखाडी दिसू लागल्या. एका वसतिगृहानं काम काढून घेतलं. मग सॉफ्टनर बसवला. त्यातल्या रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. ते मणी मिठाच्या पाण्यानं पुन्हा ताजे करावे लागतात. हा खर्च माझ्या वहीत नव्हताच.

विजेचाही धडा मिळाला. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून अधिक वीज लागते. म्हणून गरम पाणी फक्त चादरी-टॉवेलांना, आणि पिळणं होईल तितकं जोरात. कपड्यातलं पाणी फिरवून काढणं स्वस्त, तापवून उडवणं महाग. जूनपासून आपल्याकडे झड लागते तेव्हा ड्रायरशिवाय गत नाही, पण त्याच्या जाळीत साठणारा कापसाचा भुगा रोज काढावा लागतो. तो पेट घेतो.

आता मडिवाळ अज्जांबद्दल. गल्लीच्या तोंडाशी चिंचेखाली कोळशाची इस्त्री घेऊन ते तीस वर्षं उभे आहेत. भाच्याच्या मशीननं सगळ्यात आधी त्यांचंच गिऱ्हाईक जाणार, हे मला वहीत आकडे मांडताना सुचलं नव्हतं. बहिणीला सुचलं. ती स्वतः त्यांना बोलवायला गेली. अज्जा आले, मशीनच्या काचेत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मशीनिग कण्णिल्लरी, अक्कार." मशीनला डोळे नाहीत. तेलाचा डाग कुठला, लोणच्याचा कुठला, कुठला रंग सुटणार, हे ते हातात घेऊनच ओळखतात. पूर्वी ते बिब्ब्यानं खुणा करायचे. भाच्याचे नंबरांचे बिल्ले त्यांना पोरखेळ वाटतात.

अज्जांना महिना पगार नको होता, किलोमागे वाटा हवा होता. भाचा कुरकुरला. मीही आधी त्याच्याच बाजूची होते, कबूल करते. बहिणीनं एका वाक्यात मिटवलं: "फंड माझा आहे." वाटा ठरला.

हप्ते अजून चार वर्षं आहेत. गेलेलं वसतिगृह परत आलं नाही, त्याच्या जागी दोन पीजी मिळाले. परवा गेले तेव्हा गठ्ठा मोजणं चाललं होतं. बहीण म्हणत होती पंधरा, अज्जा म्हणत होते "हदिनाल्कु". मी मोजलं. चौदाच होत्या, पंधरावी ड्रायरमध्येच राहिली होती.