बोलण्याची किंमत मुलीनेच का मोजावी?

कालपर्यंत घरभर बागडणारी, शाळेतून आल्या आल्या दिवसभराचा वृत्तान्त एका दमात सांगणारी मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की हळूहळू अबोल होते. काय झाले म्हणून विचारले तर ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. घरातील वडीलधारी मंडळी ‘वयात आली’ असे म्हणून या अबोल्याचे स्पष्टीकरण देतात आणि विषय तेथेच संपतो. वयात येणे म्हणजे गप्प होणे, हे समीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्या मौनामागे काही कारण असेल, आणि ते कदाचित आपल्याच वागण्यात दडलेले असेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही.

या मौनाची दखल घ्यावयास लावणारी आकडेवारी सरकार दरबारीच उपलब्ध आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १ लाख ७० हजार ९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. सर्व वयोगटांचा एकत्र विचार केला तर त्यात पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होते. अठरा वर्षांखालील वयोगटात मात्र हे चित्र नेमके पालटते. तेथे मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. २०२१ मध्येही असेच घडले होते. २०२२ मध्ये देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले आणि त्यांत १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. शिक्षणाची परंपरा अभिमानाने मिरविणाऱ्या या राज्याला अंतर्मुख करणारीच ही गोष्ट आहे.

आत्महत्या हे दुःखाचे अखेरचे टोक झाले. त्याच्या अलीकडे कितीतरी मोठा, नजरेस न येणारा प्रदेश आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. साठ विद्यार्थ्यांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणला तर त्यात सरासरी चार जण असे निघतात. वैद्यकशास्त्र आणखी एक गोष्ट सांगते. वयात येण्यापूर्वी मुलगे व मुली यांच्यातील नैराश्याचे प्रमाण जवळपास सारखे असते. त्यानंतर मुलींमधील प्रमाण वाढत वाढत मुलांच्या सुमारे दुप्पट होते. शरीरातील संप्रेरकांचे बदल हे त्याचे एक कारण आहे. परंतु सगळा भार संप्रेरकांवर टाकून समाजाला हात झटकता येणार नाहीत.

मौनामागील हिशेब

मुलगी मन मोकळे का करीत नाही? लाज वाटते, भीती वाटते, ही उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत. तिच्या मौनामागे एक साधा, व्यवहारी हिशेब असतो. बोलल्यावर काय घडते, हे तिने शेजारच्या ताईच्या, वर्गातल्या मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलेले असते.

गावात सातवीपर्यंतची शाळा, पुढच्या शिक्षणासाठी चार-पाच किलोमीटरवरचे गाव, आणि त्या वाटेवर रोज आडवे येणारे टोळके. मुलीने हे घरी सांगितले तर काय होते? बहुतेक घरांत पहिला निर्णय तिच्याच शाळेविषयी होतो. ‘नको ती शाळा’ असे आज म्हटले जाते आणि उद्या स्थळांची चौकशी सुरू होते. शहरात तपशील बदलतात, रीत बदलत नाही. कोणी घाणेरडे संदेश पाठवितो असे मुलीने सांगितले की तिचा मोबाईल काढून घेतला जातो, शिकवणी बंद होते, मैत्रिणींकडे जाण्यावर बंधन येते. छळणारा मोकळा हिंडत राहतो आणि जिने तक्रार केली तिच्यावर पहारा बसतो. मग पुढच्या वेळी ती तोंड कशाला उघडेल?

मुलींनी शाळेत पोहोचावे म्हणून महाराष्ट्राने कमी प्रयत्न केलेले नाहीत. एसटीचा मोफत पास आहे, सायकली मिळाल्या, वसतिगृहे उभी राहिली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाच्या आतच झाल्याचे दिसून आले. पाचांत एकीहून अधिक! त्यामागे दारिद्र्य आहे, हुंड्याचा हिशेब आहे. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने घर सोडावे लागणाऱ्या कुटुंबापुढे वाढत्या वयाच्या मुलीला कोणाच्या भरवशावर मागे ठेवायचे, हा प्रश्नही खरा आहे. आईवडिलांची काळजी खोटी आहे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु काळजीचा अर्थ जेव्हा ‘तिलाच आवरा’ असा होतो, तेव्हा ती मुलीच्या दृष्टीने शिक्षाच ठरते.

नव्याने लाभलेली वर्षे

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मुलीच्या आयुष्यातील ‘किशोरावस्था’ हा आपल्या समाजासाठी तुलनेने नवा अनुभव आहे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी झाला; त्या काळी ती सर्वसाधारण रीत होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, तेव्हा त्यालाही कडाडून विरोध झाला. ते अठरापर्यंत येण्यास १९७८ साल उजाडावे लागले. म्हणजेच न्हाणे येणे आणि संसार सुरू होणे यांच्यामध्ये आज मुलीला जी आठ-दहा वर्षे मिळतात, ती तिच्या पणजीला मिळालीच नव्हती. त्या वर्षांत मुलीशी कसे वागावे, काय बोलावे, याचे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले शहाणपण घरात सापडत नाही, कारण ती वर्षेच नव्हती. आजच्या पालकांना ते नव्याने घडवावे लागणार आहे.

मात्र दुःख बोलून दाखविण्याच्या वाटा आपल्याकडे नक्कीच होत्या. पहाटे जात्यावर बसलेली स्त्री सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकराची चिंता ओवीतून दगडी जात्याला सांगत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आहेत. एक लाख ओव्या म्हणजे न लिहिलेले केवढे मोठे आत्मचरित्र! भोंडल्याच्या फेरात लहानग्या मुली सासूनणंदेच्या तक्रारी गात, मंगळागौरीला नवविवाहिता रात्र जागवीत. त्या गाण्यांचा मोठा गुण असा की गाणारीला कोणी जाब विचारीत नसे. गाण्यात सांगितलेल्या दुःखाची शिक्षा होत नसे.

जाते गेले ते बरेच झाले. त्या कष्टांची पुन्हा इच्छा कोणी धरू नये. त्या काळातील जाच सोसण्याजोगा होता असेही नव्हे. पण निर्भयपणे बोलण्याची जी जागा त्यात आपोआप मिळत होती, ती जात्याबरोबरच गेली. भोंडला आता बहुतेक ठिकाणी गणवेशातील स्पर्धा झाला आहे. चुलत-मावस बहिणींचा गोतावळा सुट्टीतही एकत्र येत नाही. तीन-चार माणसांच्या घरात दोघे नोकरीला आणि मुलगी शाळा-शिकवणीच्या फेऱ्यात. मग तिचे जाते होते तो मोबाईलचा पडदा. तेथे ऐकणारे पुष्कळ मिळतात. पण त्यांतील कोण हितचिंतक आणि कोण सावज शोधणारा, हे ओळखण्याची समज त्या वयात यावी तरी कोठून?

आधार कोठे आहे?

आधाराच्या काही व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत, त्या घराघरांत माहीत असणे आवश्यक आहे. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला; त्यात १० ते १९ वयोगटाच्या मानसिक आरोग्याचा समावेश आहे आणि महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत त्यासाठी ‘मैत्री’ केंद्रे आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’सारख्या संस्थेने मनाच्या आजाराविषयी मराठी समाजात असलेला संकोच कमी करण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ केले आहे.

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेला निर्णयही महत्त्वाचा आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश न्यायालयाने दिले आहेत. आपल्या पाल्याच्या शाळेत अशी नेमणूक झाली आहे काय, हे पालकसभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे. गुणांच्या चौकशीइतकीच ही चौकशीही आग्रहाने व्हावयास हवी.

परंतु क्रमांक भिंतीवर लिहून आणि समुपदेशकाची खोली उघडून भागणार नाही. त्या खोलीत गेलेली मुलगी वर्गात चेष्टेचा विषय होणार असेल, तिने सांगितलेले संध्याकाळपर्यंत शिक्षककक्षात पोहोचणार असेल, तर तो दरवाजा उघडा असूनही बंदच. गुप्तता राखणे आणि मुलीच्या जीवाला धोका असेल किंवा तिच्यावर अत्याचार झाला असेल तेव्हा योग्य त्या व्यक्तीला कळविणे, या दोन्ही गोष्टींची मर्यादा तिला आधीच समजावून सांगितली पाहिजे. विश्वास तेथूनच सुरू होतो.

घरात करावयाची गोष्ट याहून सोपी आणि याहून अवघड आहे. ‘एवढ्याशा गोष्टीला रडतात का?’, ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ ही वाक्ये थांबली पाहिजेत. वारंवार दुखणारे डोके वा पोट, उडालेली झोप, घटलेले जेवण, आवडीच्या गोष्टींतून काढून घेतलेले मन, या खुणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर वैद्यकीय सल्ला घ्यावा; ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो तितक्याच सहजपणे. मरणाची भाषा तोंडातून निघाली तर वाट न पाहता त्याच क्षणी. प्रत्येक मुलीला आईवडिलांखेरीज एक हक्काचे मोठे माणूस असावे. ती आत्या असेल, मावशी असेल, शाळेतील बाई असतील किंवा पलीकडच्या घरातील काकू. वडिलांनीही ‘बायकांचे विषय’ म्हणून बाजूला होऊ नये. ज्या मुलीला वडिलांशी मोकळेपणाने बोलता येते, तिला जगाचे भय निम्मे वाटते.

आणि सर्वांत आधी एक शब्द द्यावा. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की आईवडिलांनी तिला समोर बसवून सांगावे : ‘बाळ, तू काहीही सांगितलेस तरी तुझी शाळा बंद होणार नाही. तुझी चूक असली तरी आधी ऐकून घेऊ.’ आणि ती खरोखरच येऊन सांगेल त्या दिवशी संताप गिळून हा शब्द पाळावा. वाटेवरच्या टोळक्याचा बंदोबस्त पोलिसांनी, ग्रामपंचायतीने, गावच्या ज्येष्ठांनी मिळून करावा. मुलीने दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी शाळेला जावे.

घरातील लेकीला लक्ष्मी म्हणण्याची आपली परंपरा आहे. त्या लक्ष्मीने पावलांचे ठसे उमटवीत घरात यावे अशी आपली इच्छा असते. तिने मनातले बोलून दाखवावे आणि त्यासाठी तिला काहीही गमवावे लागू नये, एवढी हमी ज्या घरात मिळेल, त्याच घरात तिचा मान खऱ्या अर्थाने राखला गेला असे म्हणता येईल.