ताऱ्यांपलीकडेही पाहा





अमेरिकेत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुनर्वसनासाठी नर्सिंग केंद्र निवडताना 'पाच तारे बघा आणि निर्धास्त व्हा', हा गेल्या अंकातील पत्रातला सल्ला अपुरा आहे. मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना) केंद्रांना जे तारे देते, त्यांतील गुणवत्तेची बरीचशी माहिती केंद्रेच पुरवतात. त्यामुळे तपासणी आणि मनुष्यबळ यांचे तारे वेगळे पाहावेत. शनिवार-रविवारी फिजिओथेरपी मिळते का, रात्री किती नर्स असतात, हे तिथे जाऊन विचारावे.

पत्रलेखकाकडून मोठी गोष्ट सुटली आहे ती वेगळीच. पारंपरिक मेडिकेअरमधून अशा केंद्राचा खर्च मिळण्यासाठी सहसा आधी रुग्णालयात सलग 3 दिवस 'इनपेशंट' म्हणून दाखल असावे लागते. 'ऑब्झर्व्हेशन'खाली, म्हणजे फक्त निरीक्षणासाठी ठेवल्याच्या नोंदीखाली, काढलेला वेळ त्यात धरत नाहीत. खाट तीच, सलाइन तेच, तरीही केंद्राचे सगळे बिल कुटुंबावर येते. हे अन्यायाचे आहे. अट पूर्ण झाली, तर पहिले 20 दिवस पूर्ण खर्च मिळतो. 21व्या ते 100व्या दिवसापर्यंत रोज काही रक्कम स्वतः भरावी लागते.

म्हणून आई-वडील रुग्णालयात असतील, तर नोंद कोणती झाली आहे ते रोज विचारा. डिस्चार्जच्या घाईत हाती आलेल्या केंद्रांच्या यादीतले पहिलेच नाव स्वीकारू नका. निवडीचा हक्क रुग्णाचा आहे.

— एक वाचक, न्यू जर्सी